देव्हाऱ्यातला राजा

भाऊजी, तुमचा टाक कोणत्या चांदीचा करायचा यावरून आपल्या घरात काय झालं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही असता तर कान टवकारून ऐकलं असतं.

तेराव्याच्या पंगती उठल्या आणि संग्रामपूरच्या आत्याबाईंनी, तुमच्या नि ह्यांच्या एकुलत्या एका आत्यानं, पदरानं तोंड पुसत विषय काढला. "पोरगं बिनलग्नाचं गेलं. त्याचा टाक करून देवात बसवा, नाईतं जीव घुटमळत राहीन त्याचा." साठी उलटलेलं पोरगं! तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता. रीत मला मान्यच होती. बिनलग्नाचा पुरुष गेला की चांदीच्या पातळ पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून घ्यायची, कुळाच्या देवांशेजारी बसवायची आणि त्याला वीर म्हणायचं, हे आपल्याकडे चालत आलेलं आहे. पण आत्याबाई पुढं म्हणाल्या, "अन् चांदी काऊन इकत आणता? त्याचीच काळी नाणी पडेल आहेत ना डब्यात. दोन आटवा अन् टाका करून."

हे मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. मी खरकटी पातेली गोळा करत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि मला एकदम तुमच्या बाजूनं भांडावंसं वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

तुमच्या कचेरीतले दोघे येऊन गेले. त्यांना तुमच्यावर काहीतरी छापायचं आहे; जन्म कधी, नोकरीला कधी लागले, निवृत्त कधी झाले, सगळं विचारून गेले. ते ते लिहितील. मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती बत्तीस वर्षं माझ्या तोंडातून निघाली नाही, आणि आजही सरळ निघेल असं वाटत नाही. म्हणून थोडी आडवळणानं येते. तुम्हाला माझी सवय आहे.

परवा दुपारी जरा डोळा लागला तर तुम्ही राजूर घाट चढत होता. पायात कचेरीचेच बूट, हातात छत्री, आणि मागं खेचरांची रांग, पाठीवर गोण्या. खेचरं पाय टाकत होती पण आवाज होत नव्हता. मी वळणावर उभी राहून विचारलं, "भाऊजी, हे काय आणून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "डोंगर." इतकं साधं म्हणालात की मला ते पटलं, आणि आता एवढा डोंगर घरात कुठं ठेवायचा या काळजीनंच मी जागी झाले. उन्हाची तिरीप तुमच्या टेबलावर आलेली होती. ती रोज त्याच वेळेला येते, पण हल्ली मला ती तुमची वाट पाहायला आल्यासारखी वाटते.

डोंगराचं तुम्हीच डोक्यात घातलेलं. माझ्या लग्नानंतरचा पहिला वैशाख होता. मी नवी मास्तरीण, तुम्ही मोजणीच्या कचेरीतले नवे कारकून, माझ्याहून वर्षानं धाकटे. घर दुपारचं निजलेलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, डोळे मिटा अन् हात करा पुढं." मला वाटलं चिंच-गूळ असेल. हातावर काहीतरी जड, थंडगार आलं. "आता तुमच्या हातात एक डोंगर आहे," तुम्ही म्हणालात, आणि माझे डोळे मिटलेलेच ठेवून सांगत राहिलात. पृथ्वीच्या पार पलीकडे एक डोंगर, त्याच्या पोटात चांदी. स्पेनच्या राजानं तिथली माणसं आत लावली. पुष्कळ जण परत वर आलेच नाहीत. ती चांदी खेचरांवर लादून समुद्रावर आली, तिथून गलबतात, सुरतेला उतरली, तापीच्या काठाकाठानं बऱ्हाणपूर, आणि कापूस नि नीळ घ्यायला आलेल्या कुणा व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून ह्या आपल्या घाटातून वर. शेवटचा टप्पा तुमचा अंदाज होता, पण तुम्ही तो असा सांगितला की मला घाटातली धूळसुद्धा दिसली.

डोळे उघडून पाहिलं तर नाण्यावर दोन खांब, मधे दोन गोळे, खाली पाण्याच्या लाटा. मी म्हटलं, "ह्या दोन समया, अन् मधात बुंदीचे दोन लाडू." तुम्ही इतके हसलात की सासूबाई उठून आल्या. मग समजावलंत की ते गोळे म्हणजे दोन जगं, जुनं आणि नवं, आणि दोन्हींचा राजा एकच. "मग आपण कोणत्या जगात?" मी विचारलं. चहा झाल्यावर पहिला घोट घेऊन तुम्ही म्हणालात, "आपण मधल्या पाण्यात." त्या दिवसापासून आपली गट्टी जमली, आणि भांडणंही.

लोकांना वाटायचं तुमच्याकडं हंडाभर खजिना आहे. नाणी होती सगळी मिळून एकोणीस. तुमचा खरा संग्रह कागदाचा. लोणारकडच्या एका लग्नाहून येताना आपण बीबी गावच्या बाजारात उतरलो होतो, आठवतं? मिरच्या विकणाऱ्या म्हातारीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं नाणं तुम्हाला पंधरा पावलांवरून दिसलं. तुम्ही सरळ जाऊन तिच्या गळ्याकडं पाहत उभे. मी लाजेनं अर्धी झाले.

"काऊन वो, म्हातारीच्या गळ्यात काय पाहून राह्यले?" ती खेकसली.

"मावशी, ह्यांना नाण्यांचं वेड आहे," मी मधे पडले.

"मंग इकत नाई भेटनार. माह्या आजीनं देल्लं आहे मले."

"विकत नको, माय," तुम्ही म्हणालात. "फक्त चेहरा उतरून घेतो."

आणि भर बाजारात तुम्ही गुडघे टेकून बसलात. नाण्यामागं तिच्याच तराजूचं पारडं धरलंत, वरून पातळ कागद ठेवलात आणि पेन्सिल आडवी धरून हलकी हलकी फिरवत राहिलात. म्हातारी मान पुढं करून बसलेली. कागदावर आधी नाक आलं, मग ओठ, मग केसांत खोचलेली पानं. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आवं बाप्पा, मानूस होता का याच्यावर?" जन्मभर गळ्यात घातलेलं, झिजून गुळगुळीत झालेलं, पण कागदाला अजून दिसत होतं. निघताना तिनं ओंजळभर मिरच्या दिल्या. तुम्ही बसमध्ये घरापर्यंत तो कागद मांडीवर धरून बसलात.

आता देव्हाऱ्यावर येते.

सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी देव माझ्या हवाली केले आणि कमरेचा किल्ल्यांचा चांदीचा छल्ला काढून माझ्या कमरेला खोचला. देवांत एक वीराचा टाक होता. इतर टाकांसारखा पातळ नाही, जाड आणि गोल. कुणा खापरपणज्याचा भाऊ लढाईत गेला त्याचा तो, असं त्या सांगत. वर्षभर तो हळदीकुंकवात माखलेला असायचा. तुम्ही देवपूजेच्या वाटेला कधी गेला नाहीत, त्यामुळं बाजार-बाजार हिंडणाऱ्या तुम्हाला घरातलं ते कधी दिसलंच नव्हतं. मी पहिल्याच दिवाळीला सगळे देव चिंचेत भिजवले, राखेनं घासले आणि ताटात घालून अंगणात उन्हाला ठेवले. तुम्ही कचेरीतून आलात, ताटापाशी थबकलात, आणि सायकल हातातून सुटून पडली.

"वहिनी, हा कोण आहे माहीत आहे का तुमाले?"

"आपला वीर."

"अवो, हा स्पेनचा राजा आहे!"

सासूबाई आतून ओरडल्या, "तुह्या खापरपणज्याचा भाऊ आहे थो! फेट्याचा तुरा दिसत नाई का?" तुम्ही तुरा नाही, ती पानं आहेत म्हणालात; मागचे दोन खांब देवळाचे नाहीत म्हणालात; कडेला राजाचं नाव आहे म्हणून बोट ठेवून दाखवलंत. आमच्यापैकी कुणालाही त्या परक्या भाषेतलं काही कळत नव्हतं, त्यामुळं फरक पडला नाही. जुन्या काळी कुणाला तरी टाक करायला ऐपत नसेल, घरात हे नाणं असेल, त्यावर माणसाचं तोंड असेल, आणि त्यांनी तेच बसवलं असेल, एवढं तुम्हालाही समजत होतं. "पण मूळ कोण ते तं कळाले पायजे ना," तुम्ही म्हणत राहिलात. मी म्हटलं, "पुजला तो देव. आता तो कुठल्या देशाचा राहिला?"

तुम्ही तो मागितला नाहीत, हे मला कबूल करायला हवं. कधीच मागितला नाहीत. तुमचं मागणं एवढंच होतं, "वहिनी, चिंच नका लावू त्याले. पाण्यानं धुवा. दरवर्षी थोडा थोडा चालला तो." आणि मी दरवर्षी म्हणायची, "काळे देव ठेवू? आल्यागेल्यानं काय म्हणावं? घरातली बाई झोपा काढते?" तुम्हाला काळेपणात त्याचं वय दिसायचं, मला माझा आळस. आपण दोघं एकाच नाण्याकडं पाहत होतो आणि दोघांनाही आपापलंच खरं वाटत होतं.

आणि मग ते वर्ष आलं. देऊळघाटची माझी मामेबहीण तुमच्यासाठी सांगून आली. आली कसली, मीच आणली. मुलगी चांगली, शिकलेली, तुमच्यासारखीच कमी बोलणारी. माहेरी मी शब्द देऊन बसले होते. तुम्ही सहा महिने हो-नाही काहीच बोलला नाहीत आणि पाहण्याच्या दिवशी सकाळी मला स्वयंपाकघरात येऊन म्हणालात, "वहिनी, मले नाही जमणार. मी माणसात कमी असतो. तिचे हाल होतील." मी विनवलं, ओरडले, रडले. तुम्ही खाली पाहत उभे राहिलात आणि नाहीच म्हणालात. मामानं मला भर दारात जे सुनावलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज वाटतं, तुम्ही खरं बोलला होता आणि त्या मुलीचं भलंच केलंत. पण तेव्हा मला फक्त माझं नाक कापलेलं दिसत होतं.

त्या दिवाळीला मी राखेत वाळू मिसळली. बारीक, चाळलेली वाळू. नारळाच्या काथ्यानं तो टाक घासला. इतर देव चिंचेच्या पाण्यातून नुसते काढले आणि तो एकटा घेऊन बसले. तुम्ही आत होता, घासण्याचा आवाज तुम्हाला ऐकू जात होता, आणि तो जावा म्हणूनच मी जोर लावत होते. हात दुखेपर्यंत घासलं. पाण्यात बुडवून काढला तेव्हा राजाचं नाक गेलेलं होतं. गालाशी सपाट.

तुम्ही संध्याकाळी देव्हाऱ्यापाशी आलात. पाहिलंत. चष्मा काढून सदऱ्याला पुसलात, परत घातलात, परत पाहिलंत. मी पाठमोरी करंज्या लाटत होते. "करंज्या छान झाल्या दिसतात," एवढं म्हणून तुम्ही बाहेर गेलात. मला वाटत होतं तुम्ही ओरडाल, म्हणजे मलाही ओरडता येईल आणि सगळं फिटेल. तुम्ही ती सोय ठेवली नाहीत. नंतर आपण पहिल्यासारखे बोलू लागलो, हसू लागलो, मी तुमच्या पथ्याची भाकरी इतकी वर्षं केली. आणि ते एक वाक्य तसंच राहून गेलं. देव मात्र मी घासतच राहिले. थांबवलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

म्हणून आत्याबाई नाणी आटवा म्हणाल्या तेव्हा मी हातातलं पातेलं खाली ठेवलं होतं. एकदा मी तुमचा राजा घासून पुसला होता, आता तुमच्यासाठी म्हणून दोन राजे भट्टीत घालायचे. पण आत्याबाईंपुढं बोलणार कोण? गेल्या आठवड्यात हे आणि मी खामगावला गेलो, रुमालात दोन नाणी बांधून. तुमचा तो चांदीचा कारागीर, पांढऱ्या भुवयांचा, त्याच्याकडं. त्यानं रुमाल सोडला, नाणी उलटीपालटी केली आणि परत रुमालात ठेवून गाठ मारली.

"बाई, हे मले आटवायले नका सांगू," तो म्हणाला. "साहेब शनिवारी इथं येऊन बसत. मोडीची चांदी भट्टीत जायच्या आधी त्याईनं पाहायची, अशी आमची बोलीच होती. यातलं एक तं ह्याच भट्टीच्या तोंडून काढेल आहे त्याईनं. हात भाजला होता. तेच आता त्याईच्याच टाकासाठी आत टाकू?"

हात भाजला होता. मला तुम्ही सायकलच्या साखळीनं लागलं म्हणून सांगितलं होतं, आणि मी हळद लावली होती.

मी कमरेचा छल्ला काढला, किल्ल्या सोडवून ह्यांच्या हातात दिल्या आणि छल्ला त्याच्यापुढं ठेवला. कारागीर म्हणाला, "छल्ला मोडता? घरच्या मालकिणीचा असतो थो."

"मालकीण आहे म्हणूनच मोडते."

त्यानं वजन पाहिलं, पुरेल म्हणाला. मग विचारलं, "घोड्यावर काढू का उभा? हातात तलवार देऊ ना?"

"उभा काढा. तलवार नको. चष्मा काढता येईल?"

"चष्म्याचा देव आजलोक नाई घडवला मी, बाई."

"मग आता घडवा," मी म्हटलं. तो हसला, मग त्याचे डोळे भरून आले, आणि ह्यांचेही.

तर भाऊजी, तुम्ही काल घरी आलात. बोटाएवढे आहात, कान जरा मोठे झाले आहेत, चष्मा मात्र ओळखू येतो. तुम्हाला राजाशेजारी बसवलं. दोघांना पाणी घातलं, गंध लावलं. आता बोलावं, असं मनाशी म्हटलं, आणि मला बोलता आलं नाही. चाळीस मुलांच्या वर्गात कधी अडखळले नाही, आणि बोटभर दिरापुढं जीभ उचलेना.

दुपारी तुमच्या टेबलावर ती तिरीप आली तेव्हा मी जाऊन बसले. खणातली शेवटची वही काढली. ओल्या हातानं शिवायची नाही म्हणून तुम्ही जी मला कधी दिली नाहीत, ती. पहिलं पान उघडलं आणि पेन्सिलीत उतरलेला चेहरा दिसला. आपला वीर. डोक्यावर सगळी पानं, नाक, हनुवटी, कडेची अक्षरं. दुसऱ्या पानावर तोच. तिसऱ्यावर तोच. दरवर्षी भाऊबीजेला मी देऊळघाटला माहेरी जायची आणि देव्हाऱ्यापाशी कुणी नसायचं. तेव्हा तुम्ही देव्हाऱ्यापुढं बसून हे करत होता. एका घरात राहून मला कधी कळलं नाही. प्रत्येक चित्राखाली तुमची एकेक बारीक ओळ. "डोक्यावरची पानं सहा उरली." "कान अजून शाबूत." "अक्षरं गेली, बिंदू राहिले." पानं उलटत गेले तसा तो माझ्या डोळ्यांपुढं विरत गेला, सकाळचं धुकं उन्हात जातं तसा. पानागणिक मी एकेक दिवाळी मागं टाकत होते, आणि कोणतं पान येणार हे मला ठाऊक होतं.

ते आलं. नाक नव्हतं. आधीच्या पानावर होतं, या पानावर नव्हतं. खाली लिहिलेलं: "वहिनी दुखावल्या आहेत. चूक माझी."

मग पुढची पानं उलटली. गाल गेला, हनुवटी गेली, केस गेले. शेवटचं पान गेल्या दिवाळीचं. त्यावर चेहरा नाहीच, नुसतं गोल, राखाडी. आणि खाली, तुमच्या कापऱ्या अक्षरात: "आता हा स्पेनचा राहिला नाही. आता आपलाच. वहिनींना सांगावे."

सांगितलं नाहीत, भाऊजी. तुम्हीही नाही सांगितलंत. भांडण तुम्ही सोडून दिलं होतं आणि मला जिंकल्याची खबरसुद्धा नाही. मला नको आहे ते जिंकणं. तुम्ही आत्ता दारातून आलात आणि म्हणालात की तो राजाच आहे, तर मी आजन्म हो म्हणेन.

मी हात कोरडे पुसले. तुमचं पेन घेतलं, मागं उलटून ते पान काढलं, आणि जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या त्याच हातानं तुमचे "चूक माझी" हे दोन शब्द आडवे खोडले. खाली लिहिलं:

"खोटं. मी मुद्दाम घासलं होतं. — वहिनी."